पुंडलिकजींच्या मेंदूचा नकाशा

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, संत्री आणलीत का? नाही आणली. मी एक मोठा कागद गुंडाळून आणला. त्यावर माणसाच्या मेंदूची बाह्यरेषा आहे, आत चार रंगांचे ठिपके आहेत, आणि ते ठिपके बरोबर पडले की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. या प्रवासात माझ्या शहाणपणापायी एका म्हाताऱ्याने मोडलेल्या मांडीसकट अख्खी दुपार तळमळत काढली. हे पुढे कुठेतरी हळूच सांगण्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं.

निघण्यापूर्वी

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते आणि आमच्या सरांच्या हाताखाली अफूवर काम करते. (अफूवर म्हणजे अफू खाऊन का, हा विनोद माझ्या भावाने करून झाला आहे.) अफूतला मुख्य पदार्थ मॉर्फिन. ते वेदना मारतं, झोप आणतं, मनाला सुख देतं, श्वास मंद करतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या करतं आणि वर पोटही बांधतं. आता औषध काही अंगात नुसतं तरंगत काम करत नाही. पेशीवरच्या ठरावीक जागी ते जाऊन बसतं, किल्ली कुलपात बसावी तसं. त्या जागेला आम्ही रिसेप्टर म्हणतो. अफूचं कुलूप आज, १९६५ सालीही, कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सरांचं मत ठाम. कुलूप एकाच जातीचं, आणि मेंदूच्या एकाच भागात.

मला मात्र ते पटत नव्हतं आणि न पटण्याचं कारणही देता येत नव्हतं. मॉर्फिनवर उतारा म्हणून नालॉर्फिन नावाचं एक औषध आहे. ते मॉर्फिनला जागेवरून हुसकून लावतं. पण एकटं दिलं तर तेही वेदना थोडी कमी करतं आणि माणसाला भलतेसलते भास होतात. जो चोराला हाकलायला आला तोच आत बसून चोरी करतो, याचा अर्थ काय लावायचा? मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "पुस्तकं कमी वाचा, माणसं बघा."

कुलूप एकच असेल तर वर्षानुवर्षं अफू खाणाऱ्याच्या अंगात तिचे सगळे गुण एकदमच बोथट व्हायला हवेत. हे तपासायला जुने, नियमित खाणारे हवेत. अशांना सरकारी पासावर अफू मिळते. सरांचे एक शाळासोबती अमरावतीला वकील आहेत, आणि पासासाठीचे कितीतरी अर्ज त्यांनीच लिहून दिले होते. म्हणून मी अमरावतीला निघाले. बरोबर कागद, चार रंगीत पेन्सिली, बाहुली बघायची विजेरी आणि घरचा तिळगुळाचा डबा. वेदनेला तांबडा, श्वासाला निळा, बाहुल्यांना हिरवा, झोप आणि सुख यांना मिळून पिवळा, असे रंग मी आगगाडीत बसण्याआधीच ठरवून टाकले होते.

अमरावती

वकीलसाहेबांच्या घरी पोचून मी हातपाय धुते न धुते तोच त्यांच्या पत्नीने, काकूंनी, विचारलं, "लग्न काहून नाही केलं?" पुण्यात हा प्रश्न माझ्या पाठीमागे विचारतात. तोंडावर विचारल्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं, आणि दिल्यावर काकूंनी "बरं केलं" म्हणून विषय संपवला. पानात वरण आणि रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे ते गोळे फोडून त्यात तूप ओततात. मी दोन खाल्ले आणि थांबले, तर काकू वकीलसाहेबांना म्हणाल्या, "हिची तब्येत बरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांनी मला पहिला खाणारा दाखवला. हे एक भिक्षुकी करणारे जोशीबुवा, साठीच्या पुढचे, तल्लख. खोकल्यासाठी वैद्याने अफू दिली, खोकला गेला, अफू राहिली. मी कागद पसरला आणि विचारलं, झोप येते का?

"छे! पूर्वी गोळी घेतली की पोथी हातातून पडायची. आता घेतल्याशिवाय पोथी उचलवत नाही."

"सुख वाटतं?"

"तेही पहिल्या वर्षीचं. आता नुसता बरोबरीला येतो." मग आवाज खाली करून म्हणाले, "पोट मात्र बाई अजून पहिल्या दिवसासारखंच. त्रिफळा आहे म्हणून मी आहे."

बाहुल्या बघितल्या. अंधाऱ्या माजघरातही अगदी बारीक. म्हणजे झोप विटली, सुख विटलं, पण डोळा आणि पोट यांना अफूचा कंटाळाच आलेला नाही. पिवळा ठिपका खोडायचा आणि हिरवा ठेवायचा, हे ठीक. पण पोट कुठे दाखवू? ते मेंदूत नाही, मेंदूबाहेरच्या आतड्यांत आहे. मी कागदाच्या कडेला एक गोल काढला आणि त्याच्याकडे बघत बसले. बुवा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जागा पुरत नाही." एका गावात एकाच माणसाने सरांचं कुलूप खिळखिळं केलं आणि माझ्या हातात त्या जागी घालायला दुसरं काहीच नव्हतं. दुपारी काकूंनी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि वांग्याची झणझणीत भाजी वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळं भाजीचंच नव्हतं.

अकोला आणि पुढे

अकोल्याला कापसाचा हंगाम ऐन भरात होता. बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, प्रत्येक गाडीवर घराएवढा कापूस, आणि बैल मुकाट्याने रवंथ करत उभे. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकून त्या फुलल्यासारख्या दिसत होत्या. बाळापूरच्या मोटारीत माझ्या शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर आपलं बोचकं ठेवलं, विचारलंबिचारलं नाही, आणि उतरताना मला मूठभर भाजलेले हरभरे दिले. आमच्याकडे आधी माफी मागतात आणि मग बोचकं स्वतःच्याच मांडीवर ठेवतात. यातलं जास्त सभ्य कोणतं, याचाही निकाल मला लावता आला नाही.

बाळापूरच्या अलीकडे दोन कोसांवरच्या एका खेड्यात वकीलसाहेबांचे दुसरे पासवाले, पुंडलिकजी, राहतात. काळ्या जमिनीचे, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. मला न्यायला ते स्वतः दमणी घेऊन फाट्यावर आले होते. दमणी म्हणजे दोन-तीन माणसांची हलकी बैलगाडी. सत्तरीला टेकलेला ताठ माणूस. मला चढायला हात देऊन म्हणाले, "हा डाव्या अंगाचा सरज्या, हा उजव्या अंगाचा बादल. वळख करून घ्या. आमी मागून."

त्यांच्या पत्नी गुंफाबाई. अफूची पितळी डबी त्यांच्या कमरेच्या पिशवीत असते. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि दोन्ही त्यांच्या हातून. पुंडलिकजींना डबी कुठे ठेवली ते विचारायचीही सोय नाही. मी कागद पसरला तशा त्या वाकून बघायला लागल्या.

"हे काय बाई, पत्ताकोबी काढून राहिल्या?"

"मेंदू आहे आजी. माणसाचा."

"बुढ्याचा?"

"यांचाच म्हणा आता."

"मंग एवढा मोठा काहून काढला?"

पुंडलिकजी सगळ्यात मोठ्याने हसले. मी विचारत गेले, ते सांगत गेले. गुडघ्याच्या दुखण्यापायी सुरुवात झाली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. "झोप? पयले लागे. आता तं गोयी घेतली का मी वावरात जातो." बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. जोशीबुवांचंच चित्र पुन्हा. मी हिरवा ठिपका मेंदूच्या मध्यभागी दिला, कारण बाहुल्यांचा कारभार तिथून चालतो. श्वासाचा निळा खाली देठापाशी. वेदनेचा तांबडा कुठे द्यावा हे कळेना म्हणून तीन ठिकाणी दिला. रात्रभर त्या तीन ठिपक्यांनी मला पछाडलं.

बाळापूरचा रस्ता

सकाळी पुंडलिकजी म्हणाले, "पुन्याहून आल्या अन बाळापूरचा किल्ला नाही पायला, असं नाही होऊ द्यायचं." गोळी घेऊन, न्याहारी करून आम्ही दमणीतून निघालो. थंडी होती, वाऱ्यावर कापसाचे तंतू उडत होते. मी त्यांना सरांचं कुलूप समजावून सांगत होते आणि ते मागे वळून ऐकत होते. हे वळणंच नडलं. नाल्यात उतरताना चाक दगडावर चढलं आणि दमणी कलंडली. माझं कोपर खरचटलं, चष्म्याची काडी गेली. पुंडलिकजी खाली पडले ते मांडीवर, आणि त्यांना उठता येईना.

मागून येणाऱ्या कापसाच्या गाडीवर त्यांना झोपवून लोकांनी बाळापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण, एकटे, कामात चोख. मांडीचं हाड मोडलं होतं. फळ्या बांधून ते म्हणाले, "अकोल्याला न्यावं लागेल. कापसाच्या गाठी भरून एक ट्रक संध्याकाळी जातो, तोवर दुसरं वाहन नाही. माझ्याकडे मॉर्फिनची सुई आहे. पण हे पासवाले. मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. देऊ का?"

या प्रश्नाने मी किती सुखावले हे लिहिताना आज शरम वाटते. मी विजेरी काढली, पुंडलिकजींच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या टाचणीचं टोक. पुस्तकातलं हे पान मला तोंडपाठ आहे, परीक्षेला मी तेच विचारते: बाहुल्या टाचणीएवढ्या म्हणजे अंगात मॉर्फिन काठोकाठ, आणखी दिलं तर श्वास थांबेल. मी म्हटलं, "देऊ नका. आधीच भरपूर आहे."

डॉक्टरांनी सुई परत ठेवली. पुंडलिकजींच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "बाई, काहीतरी दे ना."

"पुंडलिकजी, तुमच्या अंगात सकाळची गोळी अजून पुष्कळ आहे. म्हणून देता येत नाही."

"असन बाप्पा," ते म्हणाले. "तू शिकेल हाये." आणि त्यांनी धोतराचा सोगा दातात धरला.

चार तास. मी शेजारी बसून वारा घालत होते आणि दर पाव तासाने बाहुल्या बघत होते. बाहुल्या तशाच. पुंडलिकजी पहिला तास गप्प होते, मग विव्हळायला लागले, मग आईला हाका मारायला लागले. सत्तरीचा माणूस आईला हाका मारतो ते ऐकवत नाही. मला वाटत होतं, एवढं मॉर्फिन आत असताना हे दुखतं कसं? आणि लगेच वाटे, दुखतंय पण डोळे तर स्पष्ट सांगतायत. डोळा आणि मांडी एकमेकांविरुद्ध साक्ष देत होते, आणि मी डोळ्याचं ऐकत होते, कारण डोळ्याचं पुस्तकात होतं.

तीनच्या सुमाराला गुंफाबाई दुसऱ्या गाडीतून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. मी बाहुल्यांचं सगळं सांगितलं.

"डोये?" त्या म्हणाल्या. "त्याचे डोये वीस वरसापासून असेच हायेत. गोयी घेतली का असे, गोयी चुकली तरी सांज होयेपर्यंत असेच. डोये पाहून तुले मांडी कशी समजली वो बाई? त्याचे डोये दुखून राहिले काय?"

मी विजेरी बंद केली.

त्या नवऱ्याजवळ खाली बसल्या, एक हात त्याच्या पोटावर ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "डाव्या अंगाले कोन?"

"सरज्या," पुंडलिकजी दातांतून म्हणाले.

"उजव्या?"

"बादल. मेले का थे?"

"नाही मेले. चारा खाऊन राहिले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जास्त झाली असती तं बैल उलटे सांगतले असते, नाही तं झोपला असता. पोट पाह्य कसं हालून राहिलं. आमच्याकडे गोयी द्यायच्या आंधी बैलाचं नाव इचारतात. माह्या सासूनं शिकोलं. डोये कोनी पाहत नाही."

मी घड्याळ काढून श्वास मोजला. हे मी आधी केलंच नव्हतं. श्वास चांगला जलद होता, दुखण्याने धापा टाकणाऱ्या माणसाचा असतो तसा. म्हणजे श्वासाच्या जागी अफू काठोकाठ नव्हती. वेदनेच्या जागी तर जवळजवळ नव्हतीच. फक्त डोळ्याच्या जागी ती वीस वर्षं ठाण मांडून बसली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, "द्या. माझं चुकलं."

पहिल्या सुईने थोडंसंच उतरलं. अर्ध्या तासाने गुंफाबाईंनी पुन्हा बैल विचारले, बैल जागच्या जागी होते, मी श्वास मोजला, डॉक्टरांनी दुसरी दिली. मग पुंडलिकजींच्या तोंडातून धोतराचा सोगा सुटला. त्यांनी लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "हां. आता मांडी कोना दुसऱ्याची झाली." मी विजेरी लावली. बाहुल्या जशा सकाळी होत्या, जशा दुपारी तळमळताना होत्या, तशाच आताही होत्या. एक रेघही इकडची तिकडे नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि रडले. डॉक्टरांनी चहा आणून ठेवला आणि आत निघून गेले, हे त्यांचे उपकार.

परत आल्यावर

सरांना मी कागद दाखवला. हिरवा ठिपका ठळक, पिवळा खोडलेला, निळा अर्धवट, तांबडे तीन, आणि कडेला आतड्याचा गोल. मी म्हटलं, "सर, एकाच माणसात, एकाच तासात, प्रत्येक जागेने वेगळं उत्तर दिलं. कुलपं मेंदूभर विखुरलेली असावीत, कुठे जास्त कुठे कमी, आणि मला तर वाटतं सगळी एका जातीचीही नसावीत. एखादं किल्लीला लगेच सरावतं, एखादं कधीच नाही."

सर म्हणाले, "एका म्हाताऱ्यावरून?"

त्यांचं बरोबर आहे. कुलूप एकाच जातीचं असेल आणि निरनिराळ्या जागी निरनिराळ्या वेगाने झिजत असेल, हेही शक्य आहे. दोन्हींतलं कोणतंही खरं असेल. उतारा देणाऱ्या औषधाचं कोडं तर तसंच पडून आहे. मी महिनाभर कागद भिंतीला लावून त्याच्याकडे बघते आहे आणि रोज एक ठिपका हलवते. एवढंच केलं की परीक्षेचा तो प्रश्न मात्र मी बदलला. आता मी विचारते, रुग्ण रोजचा अफू खाणारा आहे, बाहुल्या बारीक आहेत, आणि तो दुखतंय म्हणतो. तुम्ही कुणाचं ऐकाल?

निघताना

अकोल्यातला शेवटचा दिवस सांगायचा राहिला. पुंडलिकजींना तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं, पाय वजन लावून ताणलेला. माझी गाडी दुपारची होती. दाराशी मी बराच वेळ उभी राहून आत जाऊन काय म्हणायचं ते जुळवत होते. हातात काकूंनी दिलेली संत्री होती. ती तिथेच संपली, म्हणून पुण्यात पोचली नाहीत.

गुंफाबाई खाटेजवळ बसून भाकर कुस्करत होत्या. मी पुढे झाले आणि म्हटलं, "पुंडलिकजी, त्या दिवशी मी तुम्हाला…"

"थांब," ते म्हणाले. "बोलाच्या आंधी सांग. डाव्या अंगाले कोन?"

माझ्या मनात माफीची सगळी वाक्यं रचून ठेवलेली होती. घाईघाईने मी म्हटलं, "बादल."

मग पुंडलिकजी गुंफाबाईंकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "इची उतरली नाही अजून. इले जाऊ देऊ नको. बसव अन जेवू घाल."

गुंफाबाईंनी सरकून खाटेवर जागा केली आणि कुस्करलेल्या भाकरीचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी जेवले. माझी गाडी चुकली.